तीन रिकाम्या चौकटी

छापखान्यात सगळे तिला मावशी म्हणत; तिच्याहून दहा वर्षांनी वडील असलेले मालकसुद्धा. प्रुफे तपासण्यात तिची तीस वर्षे गेली होती, आणि तिची पेन्सिल फिरलेल्या पानाला पुन्हा कोणी हात लावीत नसे.

त्या दिवशी तिच्यासमोर तिच्याच सरांच्या अरामी व्याकरणाचे शेवटचे प्रूफ होते. त्यात संख्यावाचक शब्दांचा तक्ता होता: उजवीकडे हिब्रू, डावीकडे बायबलातील अरामी. हिब्रूत ‘शालोश’, अरामीत ‘तलाथ’; ‘अर्बा’ मात्र दोन्ही घरी सारखाच. सख्ख्या भावंडांचे नाकडोळे जुळावेत तसे ते शब्द. मावशीने एकेक शब्द मूळ संहितेशी ताडून पाहिला. पाच, आठ आणि नऊ मात्र बायबलाच्या अरामीत लिहिलेल्या अध्यायांत कुठेच सापडेनात. सरांच्या तक्त्यात ते डौलात बसले होते.

सरांची दृष्टी गेलेली. पूर्वी चूक दाखवणाऱ्या दोन शिष्यांशी त्यांनी कायमचा अबोला धरला होता, हे ती जाणून होती. तरीही संध्याकाळी प्रूफ घेऊन ती त्यांच्या खोलीत गेली.

“सर, अरामीतले पाच, आठ, नऊ हे तीन शब्द कुठून आणलेत?”

“कुठून म्हणजे? शेजारी हिब्रू शब्द बसलेत ना! त्यांच्यावरून बांधले.”

“भावाच्या तोंडावरून बहिणीचा फोटो काढायचा?”

“जीभ फार लांब झालीय तुझी. रूपं चुकलीत का?”

“नसतीलही चुकली. पण वर ‘ग्रंथात आढळलेली रूपे’ असं छापलंय. ग्रंथात ती नाहीत.”

“चाळीस वर्षं शिकवतोय मी हे!”

“मलाही तुम्हीच शिकवलंत. म्हणून तर आले.”

अनुमान हेही प्रमाणच. पण त्याला शब्दप्रमाणाच्या, म्हणजे ग्रंथवचनाच्या, आसनावर बसवू नये, हा शास्त्रकारांचा जुना विवेक सरांना का ठाऊक नव्हता? मग त्यांचे ओठ हलू लागले. सारे अरामी अध्याय त्यांना मुखोद्गत होते. तीन पुरुष, चार श्वापदे, सहा हात रुंदीची मूर्ती, सात काळ, दहा शिंगे... प्रत्येक संख्येपाशी ते क्षणभर थबकत. मावशी जागची हलली नाही. तास उलटला.

“नाहीत गं,” ते हळूच म्हणाले. “खोड तिन्ही.”

तिने खोडले.

“आणि खाली टीप घाल. ही चूक कोणी दाखवली, ते लिही.”

“कशाला, सर?”

“लिही म्हटलं की लिहायचं. अजून मास्तर मी आहे.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “लिहिलंस?”

“हो.”

“पेन्सिलीचा आवाज नाही आला. वाचून दाखव.”

मग मावशीला ते खरोखरच लिहावे लागले.