दुसरा मंगळवार, सकाळी अकरा

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आणि माझ्यासारख्या माणसानं एखादी गोष्ट न सांगणं म्हणजे काय, ते आमच्या घरच्यांना विचारा. लग्न असो, बारसं असो, जोतिबाला जाऊन आल्यावरचं जेवण असो — रस्सा वाढून झाला की कोणीतरी म्हणतंच, "काका, ती दादांची सांगा की." आणि मी हात वाळेपर्यंत सांगत बसतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्या पंधरा-वीस गोष्टी माझ्याकडं आहेत. प्रत्येकीच्या शेवटी लोक हसतात.

एक सोडून. ती बायकोलाही माहीत नाही. वहिनीला तर नाहीच — आणि खरं म्हणजे तिलाच सांगायला हवी होती. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या पंगतीला नसता, म्हणून असेल.

मी कोल्हापूरच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात काम करतो. भट्टीशी माझा संबंध नाही. माझा संबंध कागदाशी. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी एक सॉफ्टवेअर आणलं. मेल, लोकांचे नंबर-पत्ते, भेटीगाठींच्या वेळा — सगळं एका पडद्यावर. ते शिकायला मला दोन दिवस पुण्याला पाठवलं, आणि मी परदेशातून आल्यासारखा परत आलो. ग्राहक निळे केले, माल पुरवणारे हिरवे, ट्रकवाले पिवळे. बायकोचा वाढदिवससुद्धा त्यात घातला. तारीख चुकीची घातल्यामुळं आठवण दोन दिवस उशिरा आली, आणि त्या दिवशी मी माझं जेवण स्वतः गरम करून घेतलं, ते सोडा. पण मला वाटायला लागलं होतं, की आता माणसं आपल्या मुठीत आली. कुणाला कधी भेटायचं, कुणाला किती ताटकळत ठेवायचं, हे आता आपण ठरवणार.

दादा मुरगूडजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेचा सचिव होता. तीस वर्षं. रिटायर झाल्यावर त्याला दिवस खायला उठला, आणि तो मला ऑफिसात फोन करायला लागला. दिवसातून तीनदा. "म्हस व्याली." "पाऊस हाय का रं तिकडं?" "जेवलास?" शेजारच्या टेबलावरची माणसं गालात हसायची. मग एकदा मी त्याला सांगितलं — दादा, ऑफिसच्या वेळेत फोन करू नको, साहेब ओरडतात. मेल कर, मी लगेच बघतो.

साहेब ओरडत नव्हते. उलट एकदा माझ्या टेबलावरचा फोन साहेबांनीच उचलला, तर ते दादाशी पंधरा मिनिटं म्हशीच्या खुराकाबद्दल बोलत बसले होते. म्हणजे खोटं तिथूनच सुरू झालं. पण दादाला कुणी नियम सांगितला की तो पाळायचा. दूध संस्थेत शेवटच्या काही वर्षांत कॉम्प्युटर आला होता, संचालकांना मीटिंगची निमंत्रणं तो मेलवरूनच पाठवायचा. त्यानंतर ऑफिसच्या वेळेत त्याचा एकही फोन आला नाही. मेल यायला लागले. संस्थेतल्या पत्रासारखे, वर विषय लिहून. "विषय: म्हैस व्याल्याबाबत." "विषय: आंबे पाठविल्याबाबत." खाली: "प्रिय शिऱ्यास, आशीर्वाद."

ही पंगतीतली माझी हुकमी गोष्ट आहे. "म्हैस व्याल्याबाबत" म्हटलं की पोरं लोळतात. पण पुढचं मी सांगत नाही.

पुढचं असं, की मी त्या सॉफ्टवेअरमध्ये एक नियम बसवला. दादाचा मेल आला की तो माझ्यासमोर न येता परस्पर एका फोल्डरमध्ये जायचा. फोल्डरला मी नाव दिलं होतं — 'नंतर'. त्यात एकटा दादाच होता. आणि त्याच्या प्रत्येक नव्या मेलला एका मिनिटाच्या आत आपोआप उत्तर जायचं: "आपला निरोप मिळाला. लवकरच संपर्क करतो." पाण्याच्या बिलावरसुद्धा याहून जास्त माया असते. दादाला वाटायचं, ते मी लिहितोय. तो त्या उत्तरालाही उत्तर द्यायचा. दर वेळी. "सावकाश कर. घाई न्हाय."

वहिनी एकदा कौतुकानं म्हणाली, "हे साऱ्या गावाला सांगत फिरत्यात, आमचा शिऱ्या एवढा कामात असतोय, पण मिन्टात उत्तर देतोय." मी हसलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगून तिथंही हसवलं.

मग एक दिवस मेल नाही, निमंत्रण आलं. निमंत्रण माझ्या नियमात अडकायचं नाही, ते थेट कॅलेंडरमध्ये येऊन बसायचं. "विषय: दवाखान्यात जाणेबाबत. मंगळवार, सकाळी अकरा. एसटी स्टँडजवळचा दवाखाना. घास अडकतोय. नळी घालून बघायचं म्हणत्यात. सोबत माणूस लागतं. तू पायजेस. वहिनीला बोलू नको, उगं भेदरंल."

मी ते वाचलं. पुरतं वाचलं — हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर तुम्हाला वाटेल नजरेतून सुटलं. खाली दोन बटणं होती, होकार आणि नकार. नकार दिला असता तर त्यानं का म्हणून विचारलं असतं, आणि मला काहीतरी लिहावं लागलं असतं. होकार दिला की काम संपतं. मी होकार दाबला. दादा नेहमी काही ना काही दुखतंय म्हणायचा, त्यामुळं मला वाटलं... नाही. हे राहू दे. ही सबब आहे.

त्या मंगळवारी ऑफिसात मी नव्या लोकांना तेच सॉफ्टवेअर शिकवत होतो. भिंतीवर मोठा पडदा, समोर आठ-दहा जण, आणि मी हातात पट्टी घेऊन. पावणेअकराला पडद्यावर चौकट उघडली. एवढ्या मोठ्या अक्षरांत: "दवाखान्यात जाणेबाबत. १५ मिनिटं बाकी." सगळ्यांनी वाचलं. कोणीतरी म्हणालं, "सर, तुम्हाला जायचंय वाटतं." आणि मी काय केलं? मला शिकवायला आयतं उदाहरण मिळालं. मी म्हणालो, "हां, आता हे बघा. अशी आठवण आली आणि आपल्याला वेळ नसला, तर इथं दाबायचं. पाच मिनिटांनी परत येते." दाबलं. पाच मिनिटांनी परत आली. "आणि परत परत त्रास द्यायला लागली, तर हे दाबायचं. संपला विषय." तेही दाबलं. लोक हसले. कशाला हसले ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

संध्याकाळी पाचला, निघायच्या आधी, मी 'नंतर' उघडलं. का उघडलं? सांगता येत नाही. आत त्या दिवशीचे मेल होते. मोबाईलवरून लिहिलेले, म्हणून विषयाची ओळ नव्हती.

अकरा वाजून पाच मिनिटं: "आलोय. बाकड्यावर बसलोय. तू सावकाश ये." त्याला माझं उत्तर: आपला निरोप मिळाला, लवकरच संपर्क करतो. त्यावर तो: "बरं."

बारा: "नंबर आलता. म्हटलं भाऊ येतोय, पुढच्याला घ्या." माझं उत्तर: आपला निरोप मिळाला. "बरं."

एक वीस: "बाई म्हणती सोबतच्या माणसाची सही लागती, त्याबिगर नळी घालणार न्हाईत. दोनपर्यंत हायत डॉक्टर." आपला निरोप मिळाला. "बरं."

दोन दहा: "डॉक्टर गेलं. मुरगूडची गाडी लागलीया, निघतो. तू कामात असशील. जेवून घे."

फोन त्यानं केला नाही. ऑफिसच्या वेळेत फोन करायचा नाही, असं मीच सांगितलं होतं ना.

आता तुम्ही म्हणाल, मग त्याच संध्याकाळी तू का नाही केलास फोन? फोन माझ्या हातातच होता. पण लाज वाटली. म्हटलं, रविवारी करू, निवांत बोलू. रविवारी केला. तो उसाबद्दल बोलला, म्हशीबद्दल बोलला. मी वाट बघत होतो, आता विचारेल. त्यानं विचारलं नाही. आणि मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. त्यानं पुन्हा कधी मला निमंत्रण पाठवलं नाही. दवाखान्याचं नाव काढलं नाही. वहिनीला तो दात दुखतोय म्हणून सांगायचा आणि भाकरी दुधात कुस्करून खायचा.

साडेचार महिन्यांनी तो दुधाचा घोटही गिळेना, तेव्हा वहिनीनंच त्याला उचलून कोल्हापूरला आणलं. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की चार महिने आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. वहिनी खाटेपाशी रडत त्याला विचारत होती, "अवो, कुणाला तरी बोलायचं हुतं की!" दादाचा आवाज तेव्हा फार लहान झाला होता. मी पायथ्याशी उभा होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. म्हणाला, "मलाच कळलं न्हाय गं."

तो गेला, त्याच्या तेराव्यानंतर वहिनीनं मला घरामागच्या परड्यात गाठलं. "भाऊजी, खरं सांगा. तुमच्यापाशी तरी बोललं हुतं का कधी?"

मी म्हणालो, "न्हाय वहिनी. कायबी न्हाय."

याला आता सहा वर्षं होतील. तेव्हापासून वहिनी एकच बोलते — की इतकी वर्षं संसार केला, पण मी त्यांना जवळची वाटले नाही. एकट्यानंच सगळं गिळून बसले. कधी त्याच्यावर रागावते, त्याच्या फोटोला हार घालायचा नाही म्हणते. कधी स्वतःवर रागावते, माझंच ध्यान नव्हतं म्हणते. हे ती माझ्यासमोर बोलते. मी तिची समजूत घालतो. आणि मग ती डोळे पुसून म्हणते, "ऱ्हाऊ द्या. ती म्हशीची गोष्ट सांगा." मी सांगतो.

एक राहिलं. दादा निमंत्रण नवीन तयार करायचा नाही. दूध संस्थेची मासिक सभा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी अकराला असायची. तिचंच जुनं निमंत्रण तो काढायचा, मजकूर बदलायचा आणि पाठवायचा. त्यामुळं त्याच्या निमंत्रणातही 'दर महिन्याला' तसंच राहून गेलं. त्याला ते कळलं नव्हतं.

म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, पावणेअकराला, माझ्या पडद्यावर चौकट उघडते. ते काढून टाकायला दोन बटणं पुरतात, हे ऑफिसात सगळ्यांना मीच शिकवलंय. मी एकदा काढायला गेलो होतो. सॉफ्टवेअरनं विचारलं, बोलावणाऱ्याला कळवायचं का? मी ती खिडकी बंद केली.

परवा पुन्हा मंगळवार होता. दवाखान्यात जाणेबाबत. पंधरा मिनिटं बाकी. खाली माझं नाव, आणि नावापुढं हिरवी खूण — येणार आहे.