पाण्यातली शीव

“त्या दोघींले मागं बसवा, त्याईले काही गाडी लागत नाही.”

बसच्या दारात उभी राहून काकू माझ्या आईला सांगत होती. मी पायरीवर होते आणि माझ्यामागे आत्या. आम्ही दोघींनी ते ऐकलं आणि शेवटच्या सीटकडे निघालो. खरं तर मला गाडी लागते. सकाळीच गोळी घेतली होती. आत्याच्या पिशवीत ओव्याची पुडी होती, म्हणजे तिलाही लागत असणार. पण आम्ही कुणाला कधी सांगितलं नव्हतं, आणि आमच्या घरात जे सांगितलं नाही ते नसतंच.

काकांच्या मुलाचं वऱ्हाड यवतमाळहून निघालं होतं. लग्न पुसदच्या पुढे, धरणाच्या पलीकडे. मी पुण्याहून लग्नापुरती आले होते. पाहुण्यांसारखी आले, की घरातले सगळे माझ्याशी पाहुण्यांसारखंच वागतात: चहा आधी देतात आणि विचारत काही नाहीत.

दिग्रसला चहा झाला आणि गाण्यांच्या भेंड्या सुरू झाल्या. ‘ठ’वर मुलीकडची बाजू अडली, म्हणजे आमच्याकडे मुलगी नव्हतीच, पण बायकांनी स्वतःला मुलीकडचं ठरवलं होतं. एका वहिनीने मागे वळून हाक मारली, “मॅडम, एखादं इंग्रजी गाणं येऊ द्या ना.” मी मान हलवली. दुसरी म्हणाली, “राहू दे वं, ते इंग्रजीतच लाजते.” सगळे हसले. मीही हसले. विनोद चांगला होता. हसून झाल्यावर मात्र मी खिडकीकडे तोंड केलं आणि पुसद येईपर्यंत वळवलं नाही.

इंग्रजी शाळेत मी मराठी कमी बोलले आणि घरी इंग्रजी अजिबात नाही. दोन्हीकडे गप्प राहायची सवय लागली. गप्प माणसाला लोक शिष्ट समजतात किंवा विसरतात. विसरलेलं मला सोपं जातं.

आत्याला विसरतात ते वेगळ्या कारणाने. ती भावंडांत थोरली. यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. लग्नाच्या आदल्या रात्री सगळ्या स्वयंपाकावर तिचा हात असतो आणि हळद लागताना ती मागच्या अंगणात असते. तिला तसं कुणी सांगत नाही. ती आपणच जाते. वऱ्हाडाच्या बसमध्येही ती आपणच मागे आली असती, काकू बोलली नसती तरी.

पुसद मागे पडलं आणि घाट लागला. डोंगर तसे मोठे नाहीत आमच्याकडे, पण सागाच्या जंगलातून रस्ता वळणं घेत चढतो, आणि एका वळणावर एकदम खाली पाणी दिसतं. मार्गशीर्ष होता, धरण भरलेलं होतं. पाणी डोंगरांच्या मधे बोटं घालून बसल्यासारखं आत आत शिरलं होतं. प्रत्येक दरीत एक बोट. काठाला झाडं थेट पाण्यात उतरलेली.

सातवीच्या भूगोलाच्या पुस्तकात फियॉर्डचा फोटो होता. आमच्या वर्गात तो शब्द नीट म्हणता येणारी मी एकटीच होते, आणि मला वाटायचं की मी तो पाहिला आहे. आजोबांबरोबर एका लग्नाला जाताना, याच रस्त्यावर. मी ते कुणाला सांगितलं नाही. शाळेत हसले असते, आणि घरी तो शब्दच सांगावा लागला असता.

त्या दिवशी मात्र आत्याला सांगितलं. बाकी सगळे गाण्यात होते. म्हटलं, एक देश आहे आत्या, तिथे समुद्र असाच डोंगरांत शिरलेला आहे. लोक बसमधून बघायला जातात, बायकापोरं घेऊन.

आत्याने काचेला कपाळ लावून खाली पाहिलं. मग म्हणाली, “तिथं गावं कितीक गेली पाण्यात?”

“एकही नाही. तिथं पाणी आधीचं आहे. गावं नंतरची.”

“मंग बरं हाय त्याईचं,” ती म्हणाली.

आमचं गाव या पाण्यात आहे. आत्या तेव्हा परकर नेसणारी मुलगी होती, बाबा कडेवर होते आणि काका जन्मायचे होते. लोकांना वर माळावर जागा दिली, सारख्या प्लॉटांची, सरळ गल्ल्यांची. आमचं घर पुढे यवतमाळला आलं. गावातला मारुती बैलगाडीत घालून वर आणला. आमच्याकडे वऱ्हाड निघालं की गावाच्या शिवेवर थांबून नारळ फोडतात आणि मगच शीव ओलांडतात. शीव म्हणजे गावाची हद्द, आणि ती काही गाडीत घालून आणता येत नाही. ती पाण्यात राहिली. म्हणून आजोबा दर लग्नात वऱ्हाड दोनदा थांबवायचे. एकदा नव्या गावाच्या मारुतीपाशी, आणि पुढे त्या वळणावर, जिथे जुनी गाडीवाट डांबरी रस्त्याला सोडून सरळ पाण्यात उतरते. तिथे ते एकटे उतरायचे. नारळ पाण्याच्या कडेच्या दगडावर फोडायचे आणि अर्धा आत फेकायचे.

आजोबांच्या नंतरचं हे पहिलं लग्न.

नव्या गावात बस थांबली. काका उतरले, नवरदेव उतरला, बँडवाल्याने थोडं वाजवलं, मारुतीपुढे नारळ फुटला. खोबऱ्याचे तुकडे शेवटच्या सीटपर्यंत आले. काका खुशीत होते. चढता चढता ड्रायव्हरला म्हणाले, “आता सीधं मांडवात.”

मी तुकडा तोंडात टाकला. आत्याने तिचा हातात धरून ठेवला, मग माझ्या ओंजळीत दिला. मग तिने पिशवी मांडीवर घेतली, आतून नारळ काढला, तपकिरी, शेंडी राखलेला. पदराने पुसला. त्याच्यावर हळदीचं बोट आधीच लावलेलं होतं. म्हणजे घरूनच लावून आणलं होतं.

ती सरळ पुढे बघत बसली. काकांच्या डोक्याकडे.

मला तेव्हा कळलं की ती वाट बघते आहे. काकांना आठवेल याची. ती स्वतः सांगणार नव्हती. शुभकार्याला निघालेल्या गाडीत तिने मधे बोलायचं नाही, हे तिच्या हाडात होतं. आणि आज राहिलं तर पुढच्या लग्नात कुणी थांबणार नव्हतं. बुडालेलं गाव आठवत असलेली आमच्या घरात ती एकटीच उरली होती, आणि एका नारळाशिवाय तिच्याकडे तिथे उतरायला काही कारण नव्हतं.

वळण आलं. बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर होते. त्यांनी पाण्याकडे मान वळवली. गाडीवाट दिसली, तिच्या दोन चाकोऱ्या पाण्यात जाताना दिसल्या. बाबांची मान तशीच मागे मागे वळत गेली, आणि मग ते पुन्हा समोर बघू लागले. त्यांना आठवलं होतं. तेही बोलले नाहीत. माझा गप्पपणा कुठून आला ते मला त्या क्षणी दिसलं, आणि मला त्यांची कीव आली नाही, राग आला.

आत्या नारळ पिशवीत परत घालू लागली. बंद ओढायला तिला जमेना.

मी उठले आणि बसच्या पत्र्यावर हात आपटला. दोनदा. कंडक्टर लोक करतात तसा. तिसऱ्यांदा आपटला तेव्हा ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. गाणं थांबलं. सगळी बस मागे वळली आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. काय झालं, कुणाला उतरायचं आहे, असं दोन-तीन जणांनी विचारलं. मी आत्याच्या पिशवीकडे बोट केलं. एवढंच जमलं.

बाबा हळूच म्हणाले, “जुनी शीव राह्यली.”

काकांनी कपाळावर हात मारला. ते वाईट माणूस नाहीत. धांदलीत होते, मुलाचं लग्न होतं. “बाबा असते तर मले आज जोडा खा लागला असता,” असं आजोबांची आठवण काढून म्हणत ते मधल्या वाटेने मागे आले. बायका हसल्या. ड्रायव्हर गाडी मागे घेऊ लागला, कुणीतरी खाली उतरून त्याला येऊ द्या, येऊ द्या करत होतं. वळणावर बस थांबली. खिडकीतून पाण्याचा गार वास आत आला.

काकांनी हात पुढे केला. “दे अक्का, नारळ दे. मी फोडून येतो पटकन. तू कायले उतरतं.”

आत्याने लगेच नारळ पुढे केला. तो काकांच्या हातात जवळजवळ गेलाच होता. मी मधे हात घातला.

“नारळ आत्या फोडेल,” मी म्हणाले.