बाबा आणि माझे खोटे नकाशे

माझे बाबा केंद्र सरकारच्या खात्यात नकाशे काढायचे. त्यांचा नियम एकच: रस्ता स्वतः चालून पाहिल्याशिवाय त्याच्यावर शाई चढवायची नाही, तोवर तो पेन्सिलीतच राहणार. मीही मोठेपणी नकाशेच काढले, पण चित्रकार म्हणून. जुने नकाशे फाडायचे, त्यांवर रंग ओतायचा, यमुना उलटी वाहताना दाखवायची. नव्वदीनंतर दिल्लीत नवनव्या गॅलऱ्या निघाल्या, परदेशी पाहुणे यायला लागले आणि माझी चित्रं चक्क विकली जाऊ लागली. पेपरात फोटोही आला. बाबा प्रदर्शनाला आले, हात मागे बांधून एकेका चित्रापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "यात उत्तर दिशा कुठंय?" बस्स. कौतुकाच्या बाबतीत त्यांचा हात कायमच आखडता. मला मात्र जगाची वाहवा नको होती, त्यांच्या तोंडून एक बरा शब्द हवा होता. खोटं कशाला बोलू, त्यासाठी मी झुरत होते.

निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सोडून आई-बाबा गुडगावला नव्या सोसायटीत गेले. पुढे आई गेली आणि बाबा हळूहळू विसरायला लागले, तेव्हा मी त्यांच्याकडे राहायला गेले. दुधाच्या बूथवर ते एकटेच जायचे. सोबत कुणी आलेलं खपायचं नाही. म्हणून मी त्यांना घरापासून बूथपर्यंतचा नकाशा काढून दिला. अगदी त्यांच्या पद्धतीने: उत्तर वर, सगळं आधी चालून पाहिलेलं, मगच शाई. पण गुडगावात तेव्हा आज मोहरीचं शेत तर उद्या पत्र्याचं कुंपण. एका सकाळी ते परतलेच नाहीत. शोधत गेले तर बाबा अशाच एका कुंपणासमोर नकाशा धरून उभे, आणि गार्ड समजावतोय, "अंकल, इधर रास्ता नहीं है."

"नकाशा बिल्कुल बरोबर आहे," बाबा मला म्हणाले. "रस्ताच चुकलाय."

मला आधी हसू आलं, मग तिथेच रडू कोसळलं.

त्यानंतर मी शाई सोडली. दर रविवारी तो रस्ता पुन्हा चालायचा आणि बदललेलं खोडून नकाशा नव्याने काढायचा. पुढच्या प्रदर्शनाचं काम तसंच पडून होतं. मरू दे, म्हटलं.

अशाच एका रविवारी मी जेवणाच्या टेबलावर नकाशा दुरुस्त करत होते. बाबा शेजारी येऊन बसले, चष्मा लावला आणि कागद ओढून घेतला. एकेक वळण बोटाने तपासलं, अक्षरं बारकाईने पाहिली.

"छान काढलाय," ते म्हणाले. "हात चांगला आहे. कुणाकडे शिकलात तुम्ही?"

बाबांनी मला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"माझ्या बाबांकडे," मी म्हणाले.

"अच्छा! मग त्यांना दाखवा की. खूश होतील."