गरम पाण्यावर चालणारा रिॲक्टर

१९९२ साली संयोगिता सुर्वे एका रसायन कंपनीत रुजू झाली, तेव्हा तिच्यासाठी टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती, आणि बायकांसाठी स्वच्छतागृहही नव्हतं. दारावर मात्र ‘संशोधन व विकास विभाग’ अशी लखलखीत पितळी पाटी होती. आत विभागप्रमुख डॉक्टर रघुनाथ प्रधान पेपर वाचत बसले होते. आपले पणजोबा संस्थानच्या दप्तरात केवढ्या हुद्द्यावर होते, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं.

“आणि तुमचे?”

“पागेत होते. घोड्यांकडे.”

“अस्सं,” प्रधान म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

संयोगितानं त्याच दिवशी प्रधानांची किंमत करून टाकली. किंमत करण्यात ती तरबेज होती. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढताना तिनं मोठमोठ्या बाता मारणारे पुष्कळ पाहिले होते. वडील प्रतापसिंहराव वर्कशॉपमध्ये फिटर; पण नातेवाईक जमले की आपण अजून घोड्यावरच असल्यासारखे बोलायचे. मुलगी सयाजीगंजला विद्यापीठात जाऊन झिओलाइटवर डॉक्टरेट करून आली, तेव्हा ते म्हणाले होते, “सहा वरसं घालवून शेवटी काय, तर माती भाजायला शिकलीस?”

माती म्हटलं तर मातीच होती ती. पांढरी, पिठासारखी. पण तिच्या कणाकणात डोळ्यांना न दिसणारी भोकं, आणि त्या भोकांत रसायनं शिरून बदलून बाहेर पडायची. कंपनी साबणात घालायचं एक सुगंधी द्रव्य बनवायची. त्यासाठी अल्युमिनियम क्लोराइड लागायचं. ते एकदा वापरलं की संपलं. मागे उरायचा आम्लाचा फेसाळ गाळ, मालापेक्षा कितीतरी जास्त. तो मागच्या नाल्यात जायचा. नाला पुढे कुठे जातो, हे औद्योगिक वसाहतीत कुणी कुणाला विचारत नसे. संयोगिताचं म्हणणं साधं होतं. क्लोराइड काढा, झिओलाइट घाला. काम झालं की गाळून घ्या, भट्टीत जाळून स्वच्छ करा, पुन्हा वापरा. गाळ नाही, नाल्यात सोडायला काही नाही.

पहिली तीन वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग परदेशी गिऱ्हाइकं येऊ लागली आणि सांडपाण्याबद्दल चौकशा करू लागली. गुजराती मालक किरीटभाईंना एका आठवड्यात पर्यावरणाचं प्रेम फुटलं. गेटवर झाडं लावली, झाडांना पांढरे-लाल पट्टे रंगवले, आणि संयोगिताला केबिनमध्ये बोलावलं. “जुओ बेन, तुमची ती पावडर. फटाफट करा.”

तिनं केलं. प्रयोगशाळेत एकच पावडर वीस वेळा वापरून दाखवली. त्यावर एका शास्त्रीय नियतकालिकात निबंध छापून आला. पहिलं नाव प्रधानांचं, दुसरं तिचं. प्रधानांना त्यातली भोकं म्हणजे काय हेही धड सांगता आलं नसतं. ती भांडली नाही. असल्या माणसाशी भांडायचं म्हणजे त्याला बरोबरीचा मानायचं, असं तिला वाटे.

शहाण्णव साली प्लांटमध्ये माल शिजवायचा नवा रिॲक्टर बसला. त्याला हिरवा रंग दिला. कशासाठी, ते सांगायला नको. चाचणीसाठी संयोगितानं फोरमन पिलाजीरावांना बारा पानी सूचना इंग्रजीत लिहून पाठवल्या. पिलाजीराव सातवी शिकलेले. दोन शंका घेऊन ते प्रयोगशाळेच्या दाराशी आले. तिनं मान वर न करता सांगितलं, “सगळं लिहिलंय त्यात. वाचा.” ते “बरं, ताईसाहेब” म्हणून गेले. पंधरा दिवसांनी प्रधानांनी सांगितलं, चाचणी उत्तम झाली. तिनं मानलं. तिचं काम उत्तम होणारच, यात विचारायचं काय होतं?

पुढची दोन वर्षं ती हैदराबाद, पुणे, एकदा जर्मनी अशी व्याख्यानं देत फिरली. दिल्लीच्या एका संस्थेनं हरित उद्योगाचा पुरस्कार ठेवला होता, त्यासाठी कंपनीचं नाव गेलं. परीक्षक कारखाना बघायला आले. तीन पाहुणे, हार, ढोकळा, नारळपाणी. हिरव्या रिॲक्टरशी उभी राहून संयोगिता समजावून सांगत होती. तापमानाचा काटा एकशे दहाऐवजी नव्वदवर होता, एवढं तिच्या ध्यानात आलं. आणि एकदम दुसरंही आलं. त्या द्रव्याला गोड, फुलासारखा वास असतो, कपड्यांना चार धुण्यांतही न सोडणारा. इथे वासच नव्हता. पिलाजीराव हाताभर अंतरावर उभे होते, त्यांच्या कपड्यांनाही नाही. वास येत होता तो मागच्या जुन्या शेडकडून, जिथे पूर्वी क्लोराइडवर माल बनायचा.

तिनं नमुन्याचा नळ सोडला, बीकर भरला आणि मुख्य परीक्षकाच्या हातात दिला. “हा आमचा माल. वास घेऊन बघा.”

बीकरात स्वच्छ, वाफाळतं पाणी होतं. परीक्षकांनी नाकाशी नेलं. किरीटभाईंचा चेहरा उतरला. प्रधान पाइपकडे बघत राहिले.

“वा,” परीक्षक म्हणाले, “अगदी स्वच्छ प्रक्रिया आहे.” आणि बीकर परत देऊन रुमालानं हात पुसत ढोकळ्याकडे वळले.

पुरस्कार मिळाला. किरीटभाई आणि प्रधान विमानानं दिल्लीला जाऊन घेऊन आले. संयोगितानं त्याआधीच राजीनामा टाकला होता. प्रधान समजुतीच्या सुरात म्हणाले, “संयोगिताबाई, धंदा आहे हा. पाहुणे आले की गरम पाणी फिरवतो, गेले की बंद. कुणाचं काय बिघडलं?”

“नाल्याला विचारा,” ती म्हणाली. तिला हे वाक्य फार आवडलं होतं. पुढे कित्येकांना तिनं ते ऐकवलं.

नऊ वर्षं तिनं एका खासगी कॉलेजात शिकवलं. निजामपुऱ्यात फ्लॅट घेतला, लग्न केलं नाही, वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं. कॉलेजातल्या मुली तिला घाबरत. ‘शाश्वत’ हा शब्द कुणी उच्चारला की ती विचारायची, “बघितलंस का कधी? की छापलेलंच वाचलंस?” शहरात पर्यावरणाच्या परिषदांचं पीक आलं होतं; प्लास्टिकच्या बाटल्यांतून पाणी पीत लोक प्लास्टिकवर बोलत. ती मागच्या रांगेत बसून सगळ्यांची किंमत करायची. आपलं संशोधन खरं होतं आणि चोरांनी ते वापरलं नाही, एवढ्या एका गोष्टीवर ती ताठ उभी होती.

२००७ मध्ये सरकारी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लोकांनी कंपनीच्या नाल्याला कुलूप ठोकलं. क्लोराइडचा गाळ सोडायला जागाच उरली नाही. आठव्या दिवशी किरीटभाई स्वतः जिना चढून निजामपुऱ्यात आले. “बेन, आता खरोखर चालवायचं आहे.”

संयोगिताला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता आणि तो तिनं लपवला नाही. “आधी जुन्या शेडचे पाइप कापा. माझ्यासमोर. मग बोलू.”

कापले. ती खुर्ची टाकून बघत बसली होती. मग नव्या पावडरचे डबे उघडले आणि हिरव्या रिॲक्टरमध्ये खरा माल शिजायला लागला. पहिली खेप झकास. दुसरी बरी. तिसऱ्या खेपेला अर्धाच माल उतरला, आणि चौथ्यांदा पावडर काळी ठिक्कर होऊन बसली. भट्टीत दोनदा जाळूनही उठेना. संयोगितानं कामगारांना फैलावर घेतलं. तापमान चुकवलं, हात घाण होते, अक्कल नाही. पिलाजीराव निवृत्तीला आले होते. ते शांतपणे म्हणाले, “ताईसाहेब, शहाण्णवलाही अशीच बसली होती. चौथ्या खेपेला.”

“काय?”

“चाचणी पडली होती. प्रधानसाहेबांनी वरती पास लिवलं.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?”

“आलो होतो की मी आधीच. आपला कच्चा माल ओला असतो, पुन्हा पुन्हा वापरतो म्हणून त्यात डांबर पण साठतं. तुमच्याकडे बाटलीतला असतो, एकदम चोख. हेच विचारायचं होतं. तुम्ही वाचा म्हणालात. नंतर तुम्हाला सांगायची सोय तरी होती का?”

घरी येऊन तिनं जुनी वही काढली. वीस खेपा, प्रत्येक खेपेपुढे तिच्याच वळणदार अक्षरात ‘शुद्ध, कोरडा’ लिहिलेलं. प्लांटचा कच्चा माल तिनं एकदाही वापरून पाहिला नव्हता. नऊ वर्षं ती ज्यांच्यावर थुंकत होती, त्यांतल्या एकानं गरम पाणी फिरवलं होतं हे खरं. पण जर्मनीपर्यंत जाऊन तिनं जे फिरवलं, ते काय होतं? दोन दिवस ती अंथरुणातून उठली नाही. तिसऱ्या दिवशी बसनं वसाहतीत गेली आणि पिलाजीरावांना म्हणाली, “त्या दोन शंका सांगा. मी लिहून घेते.”

दोन वर्षं गेली. पिलाजीरावांनी निवृत्ती पुढे ढकलली. कच्चा माल आधी सुकवायचा, डांबर गाळून काढायचं, भट्टी एकदम न तापवता हळूहळू तापवायची, वाफ आत कोंडू द्यायची नाही. अर्ध्या गोष्टी त्यांना अनुभवानं ठाऊक होत्या, का ते ठाऊक नव्हतं. तिला का ते कळत होतं, पण करायचं कसं ते सुचत नव्हतं. ती त्यांच्याशी तिरसटपणे बोलायची ते बोलायचीच. स्वभाव काही गेला नाही. पण आता उत्तर ऐकून घ्यायची. शेवटी पावडर अकरा खेपा टिकली. वीस नाही, अकरा. धंद्याला तेवढं पुरलं.

किरीटभाईंना तेवढ्यावर पुन्हा पुरस्काराचा अर्ज करायचा होता. ती म्हणाली, “करा. परीक्षक येतील तेव्हा ढोकळा जरा चांगल्या दुकानातला आणा, त्यांना तेवढंच कळतं.” आणि स्वतः तिनं त्याच नियतकालिकाला लिहिलं की आमचा जुना निबंध कारखान्यात खरा ठरत नाही, खरा आकडा हा. प्रधान तेव्हा निवृत्त होऊन मुलाकडे राहत होते. नियतकालिकानं जुने लेखक म्हणून त्यांनाही कळवलं, तेव्हा त्यांचा फोन आला.

“संयोगिताबाई, हे काय? माझ्या नावाला काळं फासलंत! आणि तुमच्या शेजारी त्या फोरमनचं नाव?”

“तुमचं काढलं, त्यांचं घातलं. जागा तेवढीच होती,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अंक आला तेव्हा ती तो घेऊन पिलाजीरावांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, चहा टाकला. पिलाजीरावांनी चष्मा लावून बोट फिरवत आपलं नाव शोधलं. छापणाऱ्यांनी ‘पिलाजी’ आणि ‘राव’ असे त्याचे दोन तुकडे केले होते. राव हे आडनाव होऊन बसलं होतं.

“गाढव आहेत सगळे,” संयोगिता भडकून म्हणाली. “उद्याच पत्र लिहिते त्यांना.”

“ऱ्हाऊ द्या, ताईसाहेब,” पिलाजीराव म्हणाले. “आकडा बराबर छापलाय ना, तेवढं बघा.”

तिनं पान उघडून पुन्हा एकदा पाहिलं. अकराच होता.