चहाचा डाग

आज सकाळी धावायला निघताना गुडघ्याला मलम चोळलं, आणि त्या उग्र वासासरशी मुलुंडच्या आमच्या जुन्या खोलीचं दार आठवलं.

पस्तिशीत मी नव्यानं धावायला लागलो होतो. वेग असा, की फिरायला निघालेले आजोबाही पुढे जायचे. गुडघ्यानं दोनदा दगा दिला, तरी हेच मलम चोळून दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातलं. तिसऱ्या किलोमीटरला गुडघा पुन्हा धरला. मागे कुणीच नव्हतं. सरळ रिक्षा केली. लवकर पोचलो तर कुणाला खरं वाटणार नाही, म्हणून शेवटच्या वळणाअलीकडे टपरीवर तासभर चहा पीत बसलो. मग लंगडत रेषा ओलांडली आणि सगळ्यांसारखं पदक गळ्यात घालून घेतलं.

घरी आई ताम्हण घेऊन दारातच उभी, शेजारणी गोळा केलेल्या. "इलो माझो झील!" म्हणत तिनं लेकाला ओवाळलं, पदकालाही कुंकू लावलं. बायका टाळ्या वाजवत होत्या आणि मला पळून जावंसं वाटत होतं.

सगळ्या गेल्यावर तिनं धुवायला माझा टी-शर्ट घेतला. छातीवर बोट ठेवून म्हणाली, "चायचो डाग खयसून इलो?"

ती मोरीत बसून बराच वेळ डाग चोळत होती.

पदक तिनं कपाटात ठेवलं, ते पुन्हा कधी बाहेर काढलं नाही. कुणी माझ्या धावण्याचं कौतुक केलं, की एवढंच म्हणायची, "शिकता हा अजून."