‘अश्मक’चा नकाशा कुणी काढला

“शिरूर दोन हजार वर्षांपूर्वी नव्हतं,” दिगंबरराव तिसऱ्यांदा म्हणाले.

“डोंगर तर व्हता ना? का तोबी निजामानं आणला?” मी विचारलं.

दिगंबरराव वकील म्हणजे तलवाड्याच्या जमीनदारांचे चिरंजीव. बीडला माझा लिथो प्रेस होता. तिथं ते ‘अश्मक’ नावाचं मासिक छापून घेत. गोदाकाठी फार पूर्वी अश्मक नावाचं राष्ट्र होतं, आपण त्याचे लोक, आजची निजामाची राजवट कालची पाहुणी, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या अंकात त्या राष्ट्राचा नकाशा द्यायचा होता.

मी शिरूर कासारच्या धनगराचा मुलगा. औरंगाबादच्या एका प्रेसमध्ये दगड घासून काम शिकलो आणि कुणाच्या वशिल्याशिवाय स्वतःचा प्रेस उभा केला. वकिलांच्या राष्ट्रात राजे आणि ऋषी खच्चून भरले होते, मेंढरांमागचा माणूस एकही नव्हता. म्हणून मी अडून बसलो. शिरूरवरून बालाघाटात जाणारी मेंढरांची वाट दाखवा, नाहीतर नकाशा दुसरीकडं छापा. निजामाच्या हद्दीत असलं छापायला दुसरं कुणी धजत नव्हतं; दुसरीकडं म्हणजे त्यांच्यासाठी थेट सोलापूर. शेवटी वाट आली.

नकाशा ख्वाजामियांनी काढला. माझ्याकडं चार कातिब, म्हणजे सुबक अक्षरात लिहून देणारे, कामाला येत, त्यातले हे सगळ्यात जुने. लिथोमध्ये खिळे जुळवत नाहीत. कातिब तेलकट शाईनं खास कागदावर लिहितो. तो कागद दगडावर दाबला की अक्षर दगडावर उतरतं. मग दगड ओला करून रोलर फिरवायचा. शाई फक्त तेलकट रेषेला धरते, ओल्या जागेला धरत नाही. ख्वाजामिया उर्दू आणि बाळबोध दोन्ही सारख्याच सफाईनं लिहीत. सकाळी कचेरीच्या नकला, दुपारी माझा प्रेस. नकाशाला त्यांनी आठ दिवस घेतले. गोदावरी काढताना कुणी दार आपटलं तरी डोळे वटारत.

“मियाँ, तुमाला काय पडलंय अश्मकाचं?” मी चेष्टेनं म्हणालो.

“कावून? माझा पणजाबी ह्याच नदीचं पाणी प्यायला. आमी काय परवा आलोत?”

ते बोलले आणि पुन्हा रेषेवर वाकले. जवसाच्या तेलाचा वास, खिडकीतलं ऊन आणि त्यांचा तो न हलणारा खांदा. प्रेस म्हटला की मला अजून हेच आठवतं. तशी नदी पुन्हा कुठल्या दगडावर उतरलेली मी पाहिली नाही.

अंक निघाला आणि आठवड्यात बंदीचा हुकूम आला. तीन अंकांत मासिक संपलं. दिगंबररावांनी माफीनामा लिहून दिला आणि पुणं गाठलं. मला हुकूम होता, दगड साफ करा. म्हणजे वाळू आणि पाणी टाकून त्यावर दुसरा दगड फिरवत बसायचं. रेषा दिसेनाशी झाली तरी थांबायचं नसतं, कारण तेल आत मुरलेलं असतं. हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं. त्या दिवशी स्वतः बसलो. नदी शेवटी ठेवली. ती दिसेनाशी झाली आणि माझा हात थांबला. पुढं घासवेना.

मोठे दगड माझ्याकडं दोनच होते. महिन्याभरात निजामाच्या सालगिरहच्या, म्हणजे वाढदिवसाच्या, दरबाराची निमंत्रणं छापायला आली, ती त्याच दगडावर घेतली. प्रूफ स्वच्छ निघालं. पहिले कागदही स्वच्छ. ते बघून मी कागदवाल्याशी हुज्जत घालायला बाहेर पडलो. इकडं गडी छापत राहिले आणि रोलरची शाई लागून लागून जुनं तेल जागं झालं. मी परत येईपर्यंत गठ्ठे कचेरीत पोचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमीनसाहेब, म्हणजे आमच्याकडचे फौजदार, निमंत्रण घेऊन आले. त्यांनी ते उजेडात धरलं. मजकुराच्या मागून एक फिकट रेषा वळणं घेत चालली होती. शेजारी त्यांनी जप्त अंकातला नकाशा धरला. दोन्हीतली गोदावरी एकच होती.

हलगर्जी माझी, असं मी कबूल केलं. त्यांना ते पटलंही. पण वरून विचारणा होती आणि संपादक हद्दीबाहेर होता.

“नकाशा कोणी काढला तेवढं सांग. प्रेस तुझा तुझ्याकडं राहील.”

त्या वेळी ख्वाजामिया ह्याच अमीनसाहेबांच्या कचेरीत नकला करत बसले होते. नाव सांगितलं असतं तर त्यांची कचेरी सुटली असती आणि तुरुंग लागला असता. समोरून आलेला सौदा मी आजवर कधी सोडला नव्हता.

“ध्यानात न्हाई, साहेब,” मी म्हणालो.

“येईल ध्यानात?”

“न्हाई.”

लायसन रद्द झालं. मशीन सोलापूरला गेलं. मी वह्या-कागदांचं दुकान टाकलं. ख्वाजामियांना कुणी काय सांगितलं ठाऊक नाही, पण एक दिवस ते शिडी मागून वर चढले आणि दुकानाची पाटी लिहून गेले. निजामाचं राज्य गेलेलं पाहायला ते राहिले नाहीत.

राज्य गेल्यावर दिगंबररावांचा बीडला सत्कार झाला. स्मरणिकेवर तोच नकाशा होता, मेंढरांच्या वाटेसकट. खाली छापलं होतं: संपादकांनी स्वतः रेखाटलेला. मी स्मरणिका घेऊन मंचावर चढलो आणि माणसांदेखत विचारलं, हा कुणाचा हात?

ते शांतपणे म्हणाले, “सोपानराव, अमीनानं नाव विचारलं तेव्हा तुम्हीच सांगितलं नाहीत. आता मला कुठून आठवणार?”

मी स्मरणिका त्यांच्या पायांशी फेकली. लोकांनी मला धरून खाली आणलं. वकिलाचा मुद्दा मात्र बिनतोड होता.

सरकारपासून लपवलेलं नाव राज्य बदललं म्हणून आपोआप कुणाला कळत नाही. ज्यानं लपवलं त्यानंच ते पहिल्यांदा सांगावं, आणि हारतुरे वाटले जाण्याआधी सांगावं. मला उशीर झाला.