खवट शेवेची बॅच आणि आठवा आठवडा

चिमूटभर शेव तोंडात टाकली आणि मी थेट बेसिनकडे पळाले. परत आले तेव्हा प्रॉडक्शन मॅनेजर बोरकर सर घड्याळ बघत उभे होते.

"बॅच पास ना, मॅडम?"

"नाही सर. खवट आहे."

"हे बेसिनमध्ये जाऊन ठरवलं?"

हिंगण्याच्या एका नमकीन कारखान्यात मी क्वालिटीला आहे. माल बाहेर जाण्याआधी तीन जणांनी तो चाखायचा असतो. याला सेन्सरी म्हणतात. आमच्याकडे त्या तिघांत एक मी, दुसऱ्या म्हणजे आमच्या लॅबमध्ये मदतीला असणाऱ्या मंदाताई आणि तिसरे बोरकर सर, जे सकाळी नऊपासून गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून असतात. अशी जीभ पॅनेलवर कशी, हे मी जॉइन झाले तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मी इंग्रजी माध्यमात शिकले. भांडताना मला मराठी शब्द उशिरा सुचतात, आणि तोपर्यंत समोरचा माणूस जेवायला निघून गेलेला असतो.

मला आठवा आठवडा चालू होता. नवरा आणि उमरेडला राहणाऱ्या सासूबाई सोडून कोणाला माहीत नव्हतं. तीन महिने कोणाजवळ बोलायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. मला तो सोयीचाच होता, कारण मी प्रोबेशनवर होते. माझी कन्फर्मेशनची फाइल बोरकर सरांच्या शेऱ्यासाठी थांबली होती. या दिवसांत नोकरी गेली तर दुसरी कोण देणार, हा हिशोब मी रोज कंपनीच्या बसमध्ये करत होते.

"ट्रक पाचला निघेल," सर म्हणाले. "सही करा."

मी नकारार्थी मान हलवली. नेमकी तेव्हाच मंदाताईंना माझी दया आली.

"सर, त्यायले नका बोलू. दिवस गेले हायेत मॅडमले. म्हणून तं वास येऊन राहिला." मग माझ्याकडे वळून, "काहून वं बाई, लपवून राहिली? मले कवाचं समजलं."

सरांचा चेहरा उजळला. त्यांच्या दृष्टीने बॅचचा प्रश्न सुटला होता.

"अरे, काँग्रॅच्युलेशन्स! आधी नाही का सांगायचं? हे होतंच यार. आमच्या मिसेसला तर त्या टायमाला गॅस लीक झाला तरी वास यायचा."

तो सगळ्यांनाच येतो, हे मी बोलले नाही.

"पीव्ही करा आणि विषय संपवा," ते म्हणाले.

पीव्ही म्हणजे पेरॉक्साइड व्हॅल्यू. तेल खराब व्हायला लागलं की त्यात पेरॉक्साइड तयार होतात, ते मोजायचे. शेव ज्या तेलात तळली होती त्याच लॉटच्या डब्यातल्या तेलाची मी टेस्ट केली. आकडा मर्यादेच्या चांगलाच आत आला. सरांनी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "ऑल ओके. मॅडमना आरामाची गरज आहे." अशा रीतीने माझी बातमी सासूबाईंच्या मुदतीआधी पूर्ण प्लांटला कळली.

पण पीव्हीत एक गोम असते. तेल फार जुनं झालं की हेच पेरॉक्साइड फुटतात आणि त्यांचे खवट वासाचे पदार्थ बनतात. तेव्हा आकडा उलट खाली येतो. म्हणजे तेल जास्त वाईट आणि रिपोर्ट जास्त छान. त्यासाठी ॲनिसिडीन नावाची वेगळी टेस्ट लागते. ती आमच्याकडे होत नाही. बाहेरच्या लॅबला दोन दिवस लागतात. ट्रकला दोन तास उरले होते.

खरं सांगायचं तर मलाही शंका होती. त्या आठवड्यात मला कुकरच्या डाळीचा, नवऱ्याच्या साबणाचा, बसच्या सीटचासुद्धा वास सहन होत नव्हता. सर मूर्ख असले तरी चूकच असतील असं नाही. म्हणून मी माझ्या नाकाची टेस्ट घ्यायचं ठरवलं.

तिला ट्रँगल टेस्ट म्हणतात. तीन कप. दोनमध्ये एकच माल, एकात वेगळा. न बघता वेगळा ओळखायचा. नाक नुसतंच बिघडलं असेल तर तिन्ही कप सारखेच वाईट लागतील. मंदाताईंनी पार्टिशनमागे आकडे टाकलेले कप भरले, जुन्या पास झालेल्या शेवेचे आणि या बॅचचे. कोणत्या कपात काय, ते फक्त त्यांना माहीत. निकाल लिहायला मी बोरकर सरांना बसवलं.

"मी काहून?"

"तुमचा विश्वास बसावा म्हणून, सर."

पाच फेऱ्या झाल्या. तिसरीनंतर मी बेसिनला जाऊन आले. चांगल्या शेवेनेही मळमळत होतं, पण दोन्ही वास वेगळे होते. एक तळलेल्या बेसनाचा, दुसरा ओल्या पुठ्ठ्याचा. पाचही वेळा बरोबर आलं.

"लक आहे," सर म्हणाले. मग स्वतः बसले. तिन्ही कप चाखून म्हणाले, "सगळी एकच तर आहे."

"तुमच्या तोंडात खर्रा हाय न सर," मंदाताई म्हणाल्या. "तुमाले लाकडाचा भुसा देला तरी पास कराल."

सर हसले नाहीत. "तुम्ही सही नाही केली तर मी वरून करून आणतो. मग तुमच्या फाइलवर काय लिहायचं तेही बघतो."

मी निकालाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "चालेल सर. फक्त या कागदावर निरीक्षक म्हणून सही करा. वर हाच कागद दाखवावा लागेल."

सरांनी कागदाकडे पाहिलं. पाचपैकी पाच, त्यांच्याच अक्षरात. कप चाखताना त्यांनी स्वतःचाही निकाल इमानदारीने लिहिला होता. शून्य. तो कागद वर घेऊन जाण्यासारखा नव्हता. पाचचा ट्रक रिकामा परत गेला. तेलाचं सॅम्पल बाहेरच्या लॅबला गेलं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. तेल कामातून गेलेलं होतं. सप्लायरने जुना साठा नव्या डब्यांत भरून पाठवला होता. सगळा लॉट परत गेला. डायरेक्टरांचा मेल आला, त्यात प्रॉडक्शन टीमच्या दक्षतेचं कौतुक होतं. पाठोपाठ एचआरचं परिपत्रक आलं: गरोदर कर्मचाऱ्यांनी, त्यांच्याच हितासाठी, सेन्सरी पॅनेलवर बसू नये. वास अचूक ओळखणारी व्यक्ती पॅनेलवरून काढून टाकायला त्यांना एक दिवस पुरला.

महिनाभराने मी कन्फर्म झाले. शेऱ्यात सरांनी लिहिलं, "काम ठीक. टीममध्ये मिसळत नाही." हे मात्र त्यांनी बरोबर ओळखलं.

नव्याने लागणाऱ्या मुलींना मी आता एवढंच सांगते. वरिष्ठाला आपलं म्हणणं पटवायला जाऊ नये, त्यात दिवस जातो. पेन त्याच्या हातात द्यावं आणि आपण आकडे सांगावेत.